काळ्या पाण्याचा मासा

इ. स. १८४० च्या सुमारास व्हिएन्ना येथील बादशाही संग्रहालयांत योहान याकोब हेकेल नांवाचा मत्स्यशास्त्रज्ञ मद्यार्कांत बुडवून ठेवलेल्या माशांचें वर्णन लिहीत होता. मासे ब्राझीलमधील नद्यांचे होते. हेकेलनें त्या नद्या डोळ्यांनीं पाहिल्या नव्हत्या. त्या पाहिल्या होत्या योहान नाटरर ह्यानें, आणि त्यामागें एका लग्नाची हकीकत आहे. १८१७ सालीं ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्दिना हिचा विवाह पोर्तुगालच्या युवराजाशीं झाला. पोर्तुगालचें राजघराणें नेपोलियनच्या स्वारीमुळें त्या वेळीं ब्राझीलमध्यें जाऊन राहिलें होतें. नवरी अटलांटिक ओलांडून सासरीं निघाली, तेव्हां वऱ्हाडाबरोबर शास्त्रज्ञांची एक तुकडीहि धाडण्यांत आली. इतर मंडळी कांहीं वर्षांत परतली. नाटरर मात्र अठरा वर्षें तेथेंच राहिला. बारा हजारांहून अधिक पक्षी, आणि पशु, मासे, किडे ह्यांचा मोठा संग्रह त्यानें मायदेशीं रवाना केला. इतके दिवस चाललेलें वऱ्हाड दुसरें क्वचितच असेल.

ह्या संग्रहांत एक मासा इतरांहून अगदीं निराळा होता. दोन्ही बाजूंनीं चपटा आणि आकारानें जवळजवळ वाटोळा. थाळीफेकीच्या खेळांत जी थाळी फेकतात तिच्यासारखा. ग्रीक लोक त्या थाळीला ‘डिस्कस’ म्हणत, म्हणून हेकेलनें तेंच नांव त्याला दिलें. नांवाचा दुसरा भाग दांतांवरून घेतला: ह्या माशाच्या जबड्यांत दांत फारच थोडे, आणि तेहि पुढच्या बाजूस मधोमध एकत्र आलेले, म्हणून ‘सिंफायसोडॉन’. अंगावर नऊ उभे पट्टे, त्यांतील पहिला, पांचवा व नववा विशेष गडद. हा मासा रिओ निग्रो नदींत, आज जेथें मनाउस शहर आहे त्या ठिकाणीं सांपडलेला होता.

मेलेल्या माशांत जेवढें पाहण्यासारखें असतें तेवढें हेकेलनें बारकाईनें पाहिलें. दांत, खवले, पट्टे ह्यांची नोंद झाली. पण जिवंत माशाच्या कातडीवर जो बुळबुळीत थर असतो, त्याकडे लक्ष देण्याचें त्याला कारणच नव्हतें. कोणत्याहि माशाच्या अंगावर तो असतोच. ह्या माशाचें सारें मर्म त्या थरांत आहे, ही गोष्ट शास्त्राच्या दफ्तरीं दाखल होण्यास पुढें ११९ वर्षें लागलीं. नाटररनें नदीकांठीं जें पाहिलें व टिपून ठेवलें, त्यांपैकीं पुष्कळसें १८४८ च्या ऑक्टोबरांत व्हिएन्नांतील बंडाळीच्या वेळीं लागलेल्या आगींत जळून गेलें. तो स्वतः १८४३ सालींच वारला होता.

रिओ निग्रो म्हणजे काळी नदी. तिचें पाणी खरोखरच काळें दिसतें. ओंजळींत घेतलें तर कोऱ्या चहासारखें. मराठी माणसाला काळें पाणी म्हटलें कीं अंदमान आठवतें, पण हें काळेपण निराळें. जंगलांतील पालापाचोळा कुजून त्याचा अर्क पाण्यांत उतरतो, त्यानें पाणी काळें व आंबट होतें. क्षार जवळजवळ नाहींतच. पावसाचें पाणी कशाला न शिवतां नदींत आलें असें म्हणावें इतकें तें मृदु असतें. पावसाळ्यांत नदी कांठ सोडून अरण्यांत शिरते आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून हिंडूं लागतात. पाणी ओसरलें म्हणजे डिस्कसचे थवे उन्मळून पडलेल्या झाडांच्या बुडालेल्या फांद्यांत आसरा घेतात. अंगावरचे उभे पट्टे तेथें फांद्यांच्या सावल्यांत मिसळून जातात, आणि चपटें अंग दोन फांद्यांमधील चिंचोळ्या फटींतून सहज निघून जातें. कोळी लोक ह्या माशांस रात्रीं, होडींतून दिव्याच्या उजेडांत, हातजाळ्यानें धरतात. पाण्याची ऊब वर्षभर फारशी बदलत नाहीं. थंडी म्हणजे काय हें ह्या माशाच्या कुळांत कोणालाच ठाऊक नाहीं.

ज्या कांचेच्या पेटींत त्याला पुढें कोंडावयाचें होतें, ती पेटी मात्र थंड देशांत जन्मास आली. मासे बाळगण्याची हौस तशी जुनी आहे. चीनमध्यें सोनेरी मासे शेंकडों वर्षें पाळले जात आहेत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. पण राजेसाहेबांचा विनोद गळ टाकून मासे धरण्याचा होता, तेव्हां त्यांत माशांना कितपत गंमत वाटली असेल हें सांगावयास नकोच. घरांतील दिवाणखान्यांत, कांचेपलीकडे, वनस्पतींसह मासे ठेवण्याची कल्पना लंडनमधील. इंग्लंडांत १८४५ सालीं कांचेवरील कर उठला आणि कांच स्वस्त झाली. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलन पाण्याच्या भांड्यांत त्यानें दोन सोनेरी मासे सोडले व पाणवनस्पति लावली. वनस्पति प्राणवायु देईल, मासे तो घेतील, असा हिशेब. पण पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें त्यांत पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजलेला भाग खाऊन टाकला आणि भांडें निर्मळ राहिलें. तीन वर्षांनीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस ह्याच्या पुस्तकानें ही हौस घरोघर पोंचविली.

वॉरिंग्टनचा प्रयोग खरा होता. पण त्यांतून निघालेला समज अर्धाच खरा होता. मासे, वनस्पति व गोगलगाई ह्यांचा समतोल एकदां साधला म्हणजे पाणी बदलावयास नको, उलट जुनें पाणी जितकें मुरेल तितकें चांगलें, असें पुढें पाऊणशें-शंभर वर्षें हौशी लोक मानीत आले. लोणच्याप्रमाणें पाणीहि मुरावें लागतें, अशीच ही समजूत! सोनेरी माशानें ती सहन केली. १८६९ सालीं पॅरिसला आलेल्या आणि पिअर कार्बोनिए ह्यानें ज्याची पैदास करून दाखविली त्या पॅराडाइज माशानेंहि ती सहन केली, कारण तो पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊं शकतो. असल्या काटक माशांवर शिकलेलें शास्त्र घेऊन मनुष्य डिस्कसकडे वळला.

डिस्कस जिवंत स्थितींत युरोप-अमेरिकेंतील हौशी लोकांच्या हातीं विशेषतः १९३० नंतरच्या दशकांत येऊं लागला. तोंवर विजेच्या शेगड्या कांचपेटींत बसविण्याची सोय झाली होती. त्यापूर्वीं पेटीच्या धातूच्या तळाखालीं दिवा जळत ठेवीत. त्या काळीं बोटीचा प्रवास दीर्घ, डबे लहान आणि पाण्याची ऊब सांभाळणें कठीण. जे मासे जिवंत पोंचत ते महाग विकले जात, आणि बहुधा थोड्याच काळांत, अंग काळवंडून, कोपऱ्यांत तोंड करून मरत. नवें पाणी त्यांना कठीण लागे, थंड लागे, आणि ‘मुरलेलें’ पाणी तर विषासारखें होई. हा मासा पेटीचा राजा आहे अशी ख्याति झाली. पण ह्या राजाचा दरबार फार दिवस टिकत नसे.

तरीहि कांहीं जोड्या रुळल्या आणि त्यांनीं अंडीं घातलीं. खरा घोटाळा येथें सुरू झाला, आणि तो अज्ञानानें झाला नाहीं, अनुभवानें झाला, ही त्यांतील वाईट गोष्ट. डिस्कसचा एक जवळचा भाऊबंद म्हणजे ‘एंजल’ मासा. त्याच्या जातीचें शास्त्रीय नांवहि हेकेलनेंच ठेवलेलें. एंजल मासे कांचपेटींत पुष्कळदां आपलीं अंडीं आपणच खाऊन टाकतात. म्हणून पालनाऱ्यांनीं एक युक्ति बसविली होती: ज्या पानावर किंवा पाटीच्या तुकड्यावर अंडीं असतील तो उचलून निराळ्या भांड्यांत ठेवावयाचा, हवेचे बुडबुडे सोडावयाचे, आणि पिलें पोहूं लागलीं कीं त्यांना सूक्ष्म जीव खाऊं घालावयाचे. ह्या रीतीनें एंजलचीं पिलें भराभर वाढत. तेव्हां डिस्कसच्या बाबतींतहि तसेंच करावें, हें कोणाहि शहाण्या माणसाला सुचण्यासारखें होतें. अंडीं उचललीं, तीं फुटलीं, पिलें पोहूं लागलीं. समोर खाद्य तरंगत होतें. पिलांनीं त्याला तोंड लावलें नाहीं. भांड्याच्या कडेकडेनें कांहीं तरी शोधीत फिरलीं आणि दोन-चार दिवसांत उपाशीं मेलीं. खाद्य बदललें, भांडें बदललें, पाणी बदललें. पिलें मरतच राहिलीं. बदलावयाची ती एकच गोष्ट राहून गेली होती. आईबाप शेजारच्या पेटींत होते.

ज्यांनीं कंटाळून अथवा दयेनें अंडीं आईबापांपाशींच राहूं दिलीं, त्यांना निराळेंच दृश्य दिसलें. आणि १९५९ सालीं कॅलिफोर्नियांतील विल्यम हिल्डेमन ह्या शास्त्रज्ञानें त्या दृश्याचें रीतसर वर्णन प्रसिद्ध केलें. हिल्डेमन हा मूळचा रोगप्रतिकारशास्त्राचा अभ्यासक. मत्स्यशास्त्रज्ञांच्या नजरेंतून निसटलेली गोष्ट शेजारच्या आळींतल्या माणसानें टिपावी, असें शास्त्राच्या इतिहासांत वरचेवर घडतें.

ती हकीकत अशी. मादी उभ्या पृष्ठभागावर अंडीं घालते. नर व मादी दोघेंहि पंखांनीं त्यांना वारा घालतात आणि बुरशी धरलेलीं अंडीं तोंडानें उचलून दूर करतात. सुमारें अडीच दिवसांनीं अंडीं फुटतात. पिलें डोक्यावरील चिकट धाग्यांनीं त्याच जागेला लोंबकळत राहतात. एखादें सुटून पडलें तर आईबाप त्याला तोंडांत धरून परत जागेवर चिकटवितात. आणखी दोन-तीन दिवसांनीं पिलें पोहूं लागतात. ह्याच वेळीं आईबापांचा रंग गडद होतो. पिलें त्या काळसर अंगाकडे धांव घेतात आणि दोन्ही बाजूंस चिकटून कातडीवरचा बुळबुळीत थर टिपूं लागतात. दूध पिणाऱ्या वासरांत आणि ह्यांत दिसावयास फारसें अंतर नाहीं. अंतर इतकेंच कीं येथें बापहि पाजतो. एकजण थकला कीं अंगाला हिसडा देतो, आणि सारा घोळका झटक्यासरशी दुसऱ्याच्या अंगावर जातो. भांड्याच्या कडेकडेनें फिरून मेलेलीं तीं पिलें काय शोधीत होतीं, तें आतां कळलें.

पुढें २०१० सालीं इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनीं ह्या थराची परीक्षा केली. अंडीं घालण्याच्या सुमारास त्यांतील प्रथिनें वाढतात, अंडीं फुटतांना पुन्हां वाढतात, आणि रोगप्रतिकारक द्रव्येंहि त्यांतून पिलांच्या पोटीं जातात, असें दिसून आलें. आणखी एक गोष्ट त्यांनीं टिपली. पहिले दोन आठवडे आईबाप पिलांना सोडून हलत नाहींत. तिसऱ्या आठवड्यापासून तेच पिलांना टाळून दूर पोहूं लागतात. पिलें मागें लागतात, आईबाप पुढें निघतात. आपल्याकडे मूल अंगावरून तोडतात, तोच हा प्रकार. फक्त कडू बोळ लावण्याऐवजीं पळ काढावयाचा.

हिल्डेमनचा लेख निघाला तो काळच डिस्कसचा भाग्योदयाचा होता. विमानें मनाउसला जाऊं लागलीं होतीं, आणि पूर्वीं आठवडे घेणारा प्रवास दिवसांवर आला. हर्बर्ट अ‍ॅक्सेलरॉड ह्यांनीं अमेझॉनवरून निरनिराळ्या रंगांचे मासे आणविले, आणि १९६० सालीं लिओनार्ड शुल्ट्झ ह्यांनीं त्यांना तपकिरी, निळा, हिरवा अशी वर्गवारी करून शास्त्रीय नांवें दिलीं. त्यापूर्वीं १९०४ सालीं जाक पेलग्रँ ह्यानें पॅरिसमध्यें, ज्याचे नऊहि पट्टे सारखे असतात असा प्रकार वेगळा काढून ठेवलेला होताच. ह्या नांवांवरून शास्त्रज्ञांत मागाहून पुष्कळ वाद झाले. घरीं मासे पाळणाऱ्यांनीं त्यांत पडण्याचें कारण नाहीं. त्यांना रंग हवे होते. जर्मनीमधील एदुआर्द श्मिट-फॉके आणि फ्लॉरिडांतील जॅक वॉटली ह्यांनीं निवडक जोड्या जमवून पिढ्यानुपिढ्या निळे व तांबूस रंग चढवीत नेले. पेशानें डॉक्टर असलेला श्मिट-फॉके माशांची वंशावळ रोग्यांच्या टिपणांइतक्याच काळजीनें सांभाळीत असे, असें मानावयास त्याचे मासेच पुरावा आहेत.

वॉटलीनें आणखी एक धाडस केलें. आईबापांवांचून पिलें वाढविण्याचा जो नाद पूर्वीं शेंकडों पिलांच्या जिवावर आला होता, तोच त्यानें नव्यानें हातीं घेतला; पण ह्या वेळीं पिलांना काय हवें तें ठाऊक होतें. अंड्यांतील पिवळ्या बलकाची भुकटी ओली करून त्यानें उथळ भांड्याच्या कडेला सारवली. पिलें कडेकडेनें शोधीत फिरतात हें जुन्यांनीं पाहिलेंच होतें; त्या कडेला अन्न लावावें हें त्यांना सुचलें नव्हतें. मात्र पाणी दिवसांतून पुनःपुन्हां बदलावें लागे, कारण बलक लवकर नासतो. येथें वॉरिंग्टनच्या काळचा मुरलेल्या पाण्याचा समज कायमचा मोडला. डिस्कसच्या पेटींतील पाणी अठ्ठावीस ते तीस अंश उष्ण, मृदु आणि सदैव ताजें हवें, हा आज त्याच्या पालनाचा पहिला पाठ आहे.

महाराष्ट्रांत हा पाठ गांवोगांव निराळा पडतो. मुंबईला तानसा-वैतरणेच्या तलावांतील पावसाचें पाणी येतें; तें बरेंच मृदु, फक्त त्यांतील क्लोरीन उडून जाण्यासाठीं पिंपांत रात्रभर राहूं द्यावें लागतें. दख्खनच्या काळ्या खडकांतून उपसलेलें विंधणविहिरीचें पाणी बहुधा जड असतें. तेथें पावसाळ्यांत पागोळीचें पाणी सांठविणारे चतुर लोक आहेत. मुंबईच्या दमट हवेंत वर्षांतील बराच काळ पाण्याला शेगडी लागत नाहीं. पुण्याच्या डिसेंबरांत ती एक रात्र बंद पडली तरी घात होतो. पाश्चात्य पालक ह्या माशाला बैलाच्या हृदयाचा खिमा घालीत आले. इकडे अनेक घरांत तें चालण्यासारखें नाहीं. कोळंबीच्या खिम्यावर मासे चांगले पोसतात. वीतभर व्यासाचे पांच-सहा मासे पाळावयाचे तर रोज बादल्या वाहण्याची तयारी हवी. दिवाणखान्याची शोभा म्हणून पेटी आणणाऱ्यांना दुकानदार ही गोष्ट नेहमींच सांगतो असें नाहीं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या माशाची पैदास जर्मनी-अमेरिकेपेक्षां पूर्वेकडे अधिक होऊं लागली. मलायांतील पेनांग, थायलंडांतील बँकॉक, सिंगापूर येथून पेट्या भरभरून मासे जगभर, आणि मुंबईच्या बाजारांतहि, येऊं लागले. त्याचा परिणाम रिओ निग्रोवर झाला. तेथील बार्सेलोस गांव शोभेचे मासे पकडून विकण्यावर पुष्कळसें अवलंबून होतें. गांवांत माशांचा उत्सव भरतो, त्यांत दोन पक्ष पडतात: एक लहानग्या तांबड्या कार्डिनल माशाचा आणि दुसरा ‘आकारा-डिस्को’चा, म्हणजे आपल्या डिस्कसचा. नाचगाण्यांत कोणता पक्ष जिंकतो ह्यावर तेथें आळ्याआळ्यांत चढाओढ लागते. पण ज्या माशाच्या नांवानें उत्सव, तो आतां परदेशांतील टाक्यांत स्वस्त निपजतो, आणि रात्रीं दिवा घेऊन निघणाऱ्या होड्यांना पूर्वींइतकें गिऱ्हाईक राहिलें नाहीं. मासे विकून पोट भरतें तोंवर नदीकांठच्या माणसाला जंगल तोडण्याची गरज पडत नाहीं, असें त्या भागांत काम करणारे संशोधक सांगत आले आहेत. बँकॉकच्या टाकीचा ह्या जंगलाशीं संबंध आहे, हें कांचेबाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षांत येत नाहीं.

त्याच बँकॉकांत १९९० च्या सुमारास एक नवा प्रकार निपजला. पिवळसर-नारिंगी अंग, तांबडे डोळे, आणि नऊ उभे पट्टे अजिबात नाहींत. त्याला ‘पिजन ब्लड’ म्हणजे पारव्याचें रक्त असें नांव मिळालें आणि बाजारांत त्यानें धुमाकूळ घातला. फांद्यांच्या सावलींत लपण्यासाठीं निसर्गानें दिलेले पट्टे दिवाणखान्यांत निरुपयोगीच होते, असें कोणी म्हणेल. पण पट्ट्यांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पिलें पोहूं लागण्याच्या वेळीं आईबापांचें अंग काळवंडतें, त्या खुणेवर पिलें त्यांना ओळखतात. पिजन ब्लडचें अंग काळवंडत नाहीं. उजळ आईबाप समोर पोहत असतात, कातडीवर अन्न तयार असतें, आणि पिलें पेटींतील एखाद्या काळ्या नळीकडे किंवा गाळणीच्या स्पंजाकडे जाऊन तिला चिकटतात. म्हणून पालनारे पेटींतील काळ्या वस्तु काढून घेतात, तळ व बाजू फिक्या रंगाच्या ठेवतात, पाणी कमी करून पिलांना आईबापांच्या जवळ आणतात. तरीहि कित्येकदां पिलें तेथें जात नाहींत. अशा वेळीं दुसऱ्या, पट्टे असलेल्या जोडीच्या अंगावर तीं सोडतात. ती जोडी काळवंडते आणि परकीं पिलें आपलींच समजून वाढविते.